दाजींच्या एम६ साठी ३५ एमएम लेन्स: काय शोधलं, काय नाकारलं आणि शेवटी कुठला नग घेतला

दाजींची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, लागूनच छोटं मशिन शॉप, आणि कॅमेरा आहे लायका एम६. १९८४ ला आलेला जुना एम६ हां, २०२२ मध्ये कंपनीने त्याच नावाने परत काढला तो नव्हे. त्यावर ५० एमएमची समिक्रॉन, लायकाचीच लेन्स. दोन्ही त्यांच्या काकांकडून आलेलं आणि दोन्ही व्यवस्थित चालू. विषय त्यांचा ठरलेला, कोल्हापूरच्या जुन्या तालमी. पहाटेची मेहनत, लाल मातीतली जोड, नंतर भिंतीला टेकून बसलेली पोरं, वस्तादांचे हात. अडचण अशी की आखाड्याची खोली लहान, ५० लावून मागे सरकायला गेलं की पाठ भिंतीला लागते आणि फ्रेममध्ये अर्धाच पैलवान येतो. म्हणून जास्त रुंद टिपणारी ३५ एमएम पाहिजे, इथपर्यंत काही वाद नव्हता.

पण दाजींनी लेन्ससुद्धा ठरवूनच टाकली होती. "३५ ची समिक्रॉन, व्ही फोर. तू फक्त चांगला नग बघून दे." व्ही फोर म्हणजे १९७९ ते १९९६ या काळातली सात काचांची एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). लहान, हलकी, आणि मागची धूसर पार्श्वभूमी फार गोड येते म्हणून जगभर नाव झालेली, आणि नाव झालं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, बनणं बंद, मागणी चालू, भाव वर. एका व्ही फोरच्या पैशात झायस कंपनीच्या दोन वापरलेल्या बायोगॉन लेन्स येतात आणि वर फिल्मचे रोलही निघतात.

मी म्हटलं दाजी नाव नंतर ठरवू, आधी तालमीत उजेड मोजायचा मीटर घेऊन जाऊया. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुर्मिळ लेन्सच्या मागे लागलेला माणूस बहुतेक वेळा लेन्सचं वर्णन पाठ करतो आणि स्वतःच्या कामाचं वर्णन मात्र त्याच्याकडे नसतं. आपला उजेड किती, आपण किती जवळ जाणार, आणि लेन्सच्या समोर काय असणार, एवढं जरी कागदावर आलं तरी अर्धी यादी गळून पडते.

तालमीत दोन उघडे बल्ब, एक ट्यूब आणि झरोक्यातून येईल तेवढा उजेड. मीटरने आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्मची संवेदनशीलता) ईव्ही ५ दाखवलं, म्हणजे उजेड कमीच. म्हणजे ४०० ची फिल्म जशीच्या तशी वापरली तर एफ/२ ला शटर १/३०, एफ/१.४ ला १/६०. बसलेल्या माणसाला हे चालतं, पण जोड लागलेली असताना १/६० ला पण हातपाय वाहून जातात, तिथे १/१२५ पाहिजेच. एचपी५ किंवा ट्राय-एक्स ही ४०० ची फिल्म १६०० ला पुश केली, म्हणजे १६०० धरून फोटो काढून डेव्हलपिंग वाढवलं, की एफ/२ ला बरोबर १/१२५ हातात येतं. एफ/१.४ ची लेन्स असती तर ८०० वर भागलं असतं, ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, थोडी कमी आली असती, हे खरंय. पण त्याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. दीड मीटरवर ३५ एमएमला एफ/१.४ वर साधारण १५ सेंटीमीटर जागा फोकसमध्ये राहते, एफ/२ वर २२. पट काढताना पैलवान क्षणात हातभर पुढेमागे होतो, आणि रेंजफाइंडरमध्ये आपण मधल्या छोट्या चौकोनात दोन प्रतिमा जुळवत बसलेलो असतो, ऑटोफोकस नाही. त्या सात सेंटीमीटरवर कित्येक फोटो वाचतात. त्यामुळे एफ/१.४ ची सगळी रांग आम्ही बाजूला केली. जुनी समिलक्स १९६१ पासूनची, तिचा उघड्या छिद्रावर येणारा हळुवार झळाळ मला स्वतःला फार आवडतो, पण ती एक मीटरच्या आत फोकस करत नाही आणि उघड्या बल्बभोवती मोठं वलय काढते. झायसची डिस्टॅगॉन ३५ एफ/१.४ काचेच्या बाबतीत अप्रतिम, पण वजन पावणेचारशे ग्रॅमच्या वर आणि तिचं तोंड व्ह्यूफाइंडरचा खालचा कोपरा खाऊन टाकतं. फॉइग्टलेंडरची नॉक्टन छोटी आहे, परवडते पण, मात्र सरळ रेषा वाकतात आणि छिद्र लहान केलं की फोकस किंचित सरकतो.

दुसरी गोष्ट अंतराची. दाजींना वस्तादांचे हात आणि पैलवानांचे मोडलेले कान जवळून पाहिजेत. तिथे ०.७ मीटर आणि १ मीटर यात फार फरक पडतो, आणि जुन्या लेन्समध्ये बऱ्याच एक मीटरवरच थांबतात. हे जाहिरातीत ठळक कुणी लिहीत नाही, विचारावं लागतं.

तिसरी, समोर काय. समोर उघडा बल्ब. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं कोटिंग अशा बल्बसमोर कॉन्ट्रास्ट सोडतं, काळा रंग राखाडी होतो. त्यातून एम६ च्या फाइंडरचा स्वतःचा एक स्वभाव आहे, बाजूने उजेड आला की मधला चौकोन पांढरा पडून दिसेनासा होतो, डोळा थोडा हलवून बरोबर मध्ये आणला की परत येतो. दाजींना चष्मा. ०.७२ पटीच्या फाइंडरमध्ये चष्म्यातून ३५ ची चौकट कशीबशी पूर्ण दिसते, २८ ची तर नाहीच, म्हणून २८ चा विचार आम्ही केलाच नाही.

राहिलं काय, तर एफ/२, ०.७ मीटर, लहान तोंड. समिक्रॉन व्ही फोर, तिच्यानंतर १९९६ ला आलेली अ‍ॅस्फेरिकल समिक्रॉन, झायस झेडएम बायोगॉन ३५ एफ/२, आणि फॉइग्टलेंडरची अल्ट्रॉन ३५ एफ/२. अ‍ॅस्फेरिकल बजेटच्या बाहेर. अल्ट्रॉन चांगली, पण तिची फोकस रिंग दाजींच्या जाड बोटांना जमेना, एका मित्राची लावून बघितली होती. दोनच उरल्या.

मध्येच कॅनन आली. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांकडे कॅननची ३५ एफ/२ निघाली, स्क्रू माउंटवाली म्हणजे आट्यांनी फिरवून बसणारी, १९६० च्या दशकातली, आगपेटीएवढी छोटी. काच स्वच्छ, भाव माफक. एक मीटरची अडचण होतीच, तरी दाजींनी हट्टाने ट्रायला आणली, आणि त्यातून ती एम६ वर बसवायच्या अ‍ॅडॉप्टरचा जो तपास झाला तो सविस्तर लिहितो कारण हे कुठे नीट सांगितलेलं मला मिळालं नव्हतं.

स्क्रू माउंटला लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ एमएम, एम६ च्या एम माउंटला २७.८. म्हणजे मधल्या अ‍ॅडॉप्टरची कडी बरोबर १ एमएम जाड पाहिजे. शिवाय अ‍ॅडॉप्टर तीन प्रकारचे येतात, कारण फाइंडरमध्ये कुठली फ्रेमलाइन (चौकट) उघडायची ते अ‍ॅडॉप्टरच कॅमेऱ्याला सांगतो. एम६ मध्ये २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५, ५० सोबत ७५. आपल्याला ३५-१३५ चा पाहिजे, चुकून ५० चा लावला तर फोटो येईल पण चौकट चुकीची. दाजींनी ऑनलाइन मागवलेला स्वस्त अ‍ॅडॉप्टर मशिन शॉपमध्ये नेला, मायक्रोमीटर लावला, चार ठिकाणी मोजला. चारही ठिकाणी वेगळं माप, आणि सगळ्यात पातळ जागी जवळजवळ ५० मायक्रॉन (०.०५ एमएम) कमी. ते चिडलेच. "असला जॉब माझ्या पोरानं आणला असता तर मी परत पाठवला असता."

आता ५० मायक्रॉनने खरंच किती बिघडतं? इथे एक गंमत आहे. अ‍ॅडॉप्टर पातळ असला की लेन्स तेवढी आत बसते, पण लेन्सच्या मागची जी कडी कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरच्या रोलरला ढकलते तीही तेवढीच आत जाते. आपण प्रतिमा जुळवताना रिंग थोडी जास्त फिरवतो आणि चूक भरून निघते. ५० एमएमला ती जवळपास पूर्ण भरून निघते, कारण रेंजफाइंडरचं सगळं गणित ५१.६ एमएमच्या लेन्सवर बांधलेलं आहे आणि ५० एमएमची काच जवळपास त्या कडीएवढीच पुढे सरकते. ३५ ची काच मात्र तेवढ्याच अंतरासाठी निम्म्याहूनही थोडी कमी सरकते, त्यामुळे चुकीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग शिल्लक राहतो. ५० मायक्रॉनमधले २७ धरा. एफ/२ ला फिल्मपाशी साधारण ६० मायक्रॉन पुढे आणि ६० मागे एवढी सूट असते, म्हणजे एकट्या या चुकीने फोटो जात नाही, पण कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर थोडा बाहेर, लेन्सची कडी थोडी झिजलेली, त्यात हा अ‍ॅडॉप्टर, असं सगळं एकाच दिशेला साचलं की जातो. आणि कडी चारही बाजूंनी सारखी नसेल तर लेन्स तिरकी बसते, ती चूक कुठल्याच रिंगने भरून निघत नाही. दाजींना हे पटलं, त्यांनी चांगला पितळी अ‍ॅडॉप्टर मिळवला, तो मोजला, तो नीट निघाला. कॅनन मात्र एक मीटरच्या कारणाने परत गेली. वस्तादांचे हात फ्रेममध्ये लहानच येत होते.

मग व्ही फोरचा पहिला खरा नग मुंबईला निघाला. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत, तिथल्याच एका ओळखीतून. फोटोत लेन्स नवीकोरी, अक्षरं भरलेली, हुड सोबत, डबी सोबत. दाजी अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या तयारीत होते, मी म्हटलं रात्रीच्या बसने जाऊ आणि हातात घेऊन बघू.

बघायची पद्धत अशी. छिद्र पूर्ण उघडायचं, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च, आणि डोळा समोरून पण सरळ नाही, तिरका. सरळ बघितलं तर सगळ्याच लेन्स स्वच्छ दिसतात. धूळ म्हणजे सुटे ठिपके, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. हेझ म्हणजे काचेवर दुधासारखा पातळ थर, जास्त करून छिद्राच्या आजूबाजूच्या काचांवर, तेलाच्या वाफेचा असेल तर पुसून निघतो. कडेला इंद्रधनुष्यासारखी चकाकी असेल तर दोन चिकटवलेल्या काचा सुटत चालल्यात, तिथे लांबूनच नमस्कार. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. या नगात धागे नव्हते. पण छिद्राच्या मागच्या काचेवर, कडेपासून आत आलेली, धाग्यांच्याच आकाराची फिकट नक्षी होती. बुरशी कुणीतरी साफ केली होती आणि जाता जाता तिने कोटिंग खाल्लं होतं. दुकानदार म्हणाला फोटोत काही दिसत नाही. उन्हातल्या फोटोत नसेलही दिसत. आमच्या समोर उघडा बल्ब आहे.

दाजी हातातून लेन्स ठेवेनात. बाहेरून ती खरंच देखणी होती. मी एवढंच म्हटलं की दाजी, ही नक्षी ना मला काढता येणार ना तुम्हाला ना जर्मनीतल्या लायकाला, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तुम्हाला माहितीये, एकदा बुरशी लागलेल्या लेन्सला पावसाळ्यात परत लागायची भीती राहतेच. नाही घेतली. परतीच्या वाटेवर ते फारसं बोलले नाहीत.

जपानचं पण बघितलं. टोकियोतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत माल भरपूर असतो आणि वर्णन सहसा प्रामाणिक असतं, फक्त ते वाचता यायला पाहिजे. ग्रेडपुढे अधिकची कितीही चिन्हं असली तरी ती मुख्यतः बाहेरच्या रूपाची, खालची काचेबद्दलची एक ओळ महत्त्वाची, आणि "फोटोवर परिणाम नाही" हे शब्द आले की टॉर्चचा फोटो मागायचा. मात्र भारतात आणताना ड्युटी फक्त लेन्सच्या किमतीवर बसत नाही, पाठवणावळ आणि विमा धरून बसते, आणि वर जीएसटी. एका विक्रेत्याने किंमत कमी लिहून पाठवतो म्हणून सांगितलं. सरळ नाही म्हटलं. एक तर ते खोटं डिक्लेरेशन, आणि वाटेत काही झालं तर विमा त्या खोट्या किमतीवरच मिळणार. शिवाय नग पसंत पडला नाही तर परत पाठवायचा खर्च आणि भरलेली ड्युटी सोडवायची कटकट. सगळा हिशेब मांडल्यावर दाजींनीच कागद घडी करून ठेवला.

बायोगॉन पुण्याहून आली. डिजिटलकडे वळलेल्या एका गृहस्थांची, पहिल्यापासून एकाच हातातली. झेडएम मालिका २००४ ला जाहीर झाली, नाव झायसचं आणि ही लेन्स बनते जपानमध्ये कोसिना कंपनीकडे. नऊ काचा, वजन २४० ग्रॅम, फिल्टर ४३ एमएमचा, ०.७ मीटरपर्यंत जवळ, आणि बल्ब समोर असला तरी कॉन्ट्रास्ट धरून ठेवणारं कोटिंग. व्ही फोरपेक्षा मोठी आहे, खिशात जात नाही, पार्श्वभूमी तेवढी लोण्यासारखी नाही, हे मी दाजींना आधीच सांगितलं. टॉर्च मारला, काच कडेपर्यंत स्वच्छ. छिद्राच्या पात्यांवर तेल नाही. मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टरने लावून मोठं करून बघितलं, मध्यभाग सुरेख, चारही कोपरे सारखे. कोपरे थोडे मऊ होते पण त्याचा दोष लेन्सला द्यायचा नाही, डिजिटल सेन्सरवरची जाड काच अशा लेन्सचे कोपरे बिघडवते, फिल्मवर ते नसतं. चारही सारखे आहेत ना एवढंच बघायचं, एक कोपरा वेगळा असेल तर लेन्स पडलेली असते. आणि मिररलेसवर रेंजफाइंडरची जुळणी कळत नाही, त्यासाठी एम बॉडीच पाहिजे.

दोष एकच निघाला. पुढचा भाग हातात धरून हलवला की किंचित प्ले. वापरून वापरून आतले स्क्रू ढिले झालेले. गृहस्थांनी स्वतःहून दाखवलं आणि किंमतही त्या मानाने सांगितली. इथे दाजींचा चेहरा पहिल्यांदा खुलला. लेन्स त्यांनी कानाशी धरली, रिंग फिरवली, परत हलवली आणि म्हणाले, "हा तर फिटिंगचा प्रॉब्लेम आहे."

माझं म्हणणं या सगळ्या शोधात हेच होतं. दुर्मिळ लेन्स घेताना बिनदोष नग मिळेल म्हणून थांबत बसलं तर वर्षं जातात, म्हणून कुठला दोष आपण घेऊ शकतो ते आधी ठरवायचं. धातूचा दोष दुरुस्त होतो, काचेचा होत नाही. जिथे बाबूराव पेंटरांच्या काळात सिनेमाचा कॅमेरा इथल्याच कारागिरांनी बनवला आणि खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावात स्क्रू ढिला आहे म्हणून स्वच्छ काच सोडायची नाही.

तरी दाजींना मी स्वतः उघडू दिली नाही. मशिन शॉपचे स्क्रूड्रायव्हर या कामाचे नाहीत, आणि फोकसची चुडी वेगळ्या आट्यावर बसली की सगळी जुळणी जाते. पुण्याच्या एका लेन्स मेकॅनिककडे दिली, त्याने आवळून, अनंताचा फोकस तपासून परत दिली. मग घरी आधी कॅमेरा तपासला, ५० च्या समिक्रॉनने, लांबच्या मोबाइल टॉवरवर दोन प्रतिमा एक होतात का ते. हे आधी करायचंच, नाहीतर कॅमेऱ्याची चूक नव्या लेन्सच्या नावावर जाते. नंतर बायोगॉन लावून टॉवर, तीन मीटरवर दाराची चौकट, आणि ०.७ मीटरवर टेबलावर तिरकी ठेवलेली स्टीलची पट्टी, सगळं एफ/२ वर, वहीत फ्रेम नंबर लिहून. निगेटिव्हवर लूप (भिंग) लावला तर पट्टीवरची जी रेघ धरली होती तीच सगळ्यात धारदार.

तालमीतला पहिला रोल १६०० ला पुश केलेला. एका फ्रेममध्ये बल्ब थेट कोपऱ्यात आहे आणि त्याच्या खाली बसलेल्या पोराचे केस काळेच्या काळे आलेत, अंगावरची सुकलेली माती कणाकणाने वेगळी दिसते. वस्तादांचे हात ०.७ वर घेतले, नखातली हळदमिश्रित माती सुद्धा आली. दाजींनी तो प्रिंट फाउंड्रीच्या ऑफिसात लावलाय.

लेन्स आता ड्राय कॅबिनेटमध्ये असते, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. चामड्याचं कव्हर काढून टाकायला लावलं, त्यात ओल धरते. तालमीतून आलं की आधी ब्लोअरने माती उडवायची, पुसायचं नंतर, नाहीतर मातीचा कण फिल्टरवर रेघ मारतो, आणि फिल्टर तिथे हवाच.

व्ही फोरची हौस दाजींची गेलेली नाही आणि जायचं कारणही नाही, दिवसाउजेडी रस्त्यावर फिरायला ती लेन्स खरंच सुंदर आहे. मुंबईच्या ओळखीत त्यांनी सांगून ठेवलंय की नग आला तर मागून टॉर्च मारलेला तिरका फोटो आधी पाठवा, डबी आणि हुड नसले तरी चालतील, किंमत त्यानंतर बोलू.